सोमवारचं इंग्लंड

दर सोमवारी दुपारी जयराज इंग्लंडला जायचा. त्यासाठी त्याला फक्त टाय बांधावा लागे. पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पट्टी, खाली घरचीच बर्म्युडा, आणि पाठीमागे आईनं भिंतीवर ताणून बसवलेली कोरी चादर. सांगलीजवळच्या कुपवाडच्या घरातल्या मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत एवढं केलं की झालं इंग्लंड. मग तो साताऱ्याकडच्या गावी आजोबांना व्हिडिओ कॉल लावायचा आणि आठवडाभर केलेली सेवा सांगायचा.

खरं तर त्याला परत येऊन चार महिने झाले होते.

त्याचे वडील नानासो तरुणपणी बंगळुरूच्या कारखान्यात होते. तिथंच ते मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेले. पुढं कुपवाडला घराखाली स्वतःचं लेथचं वर्कशॉप टाकलं, तरी तो पंथ त्यांनी सोडला नाही. या पंथातली पोरं सज्ञान झाली की घर सोडून दोन वर्षं धर्मसेवेला जातात. जयराजला इंग्लंड मिळालं.

आजोबा आकाराम फौजेतले निवृत्त हवालदार. देव्हाऱ्यातल्या खंडोबाला भंडारा वाहिल्याशिवाय चहाला हात न लावणारा माणूस. मुलानं धर्म बदलला म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. पण नातवाच्या सेवेचे नियम कानावर आले आणि म्हातारा खुलला. हुकूम येईल तिथं जायचं, सुट्टी मागायची नाही, केस बारीक ठेवायचे, सोबत दिलेल्या जोडीदाराला नजरेआड करायचं नाही.

"आरं, ही तर पोस्टिंग हाय!" म्हणाले. धर्म त्यांना कळला नाही, ड्युटी कळली. मग गावचं पोरगं भरतीला निघताना जे जे करतात ते सगळं त्यांनी केलं. हलगी लावली, गुलाल उधळला, मारुतीपुढं नारळ फोडला, वेशीवर टाय घातलेल्या जयराजचा फ्लेक्स लावला. मारुतीला नारळ फोडून मॉर्मन प्रचारक धाडणारी माणसं दुसरीकडं कुठं सापडायची नाहीत. त्या दिवशी नानासो बापाच्या गळ्यात पडून रडले.

आणि तिकडं पोरगं मोडलं. वाईट कुणीच वागलं नाही. जोडीदार चांगला होता, पण तो सदा न् कदा सोबत होता. दारं वाजवायची आणि ती बंद होताना पाहायची. हिवाळ्यात दुपारीच काळोख पडायचा. आधी जयराजची झोप गेली, मग श्वास अडकायला लागला. एकदा तो फूटपाथवरच बसला, तो उठेचना. तिथल्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरला दाखवलं आणि मायेनं सांगितलं, "घरी जा बाळा, यात काही कमीपणा नाही."

कमीपणा सगळा वेशीवरच्या फ्लेक्सात होता. "आत्ता कुठं आबा माझ्याशी बोलायला लागलेत रं," नानासो हात जोडून म्हणाले. "दोन वर्षं भरूदेत. तोवर तू तिकडंच हायस." बापानं पोरापुढं हात जोडल्यावर पोरगं काय बोलणार? तिकडं एकटं राहायची बंदी होती, इकडं माणसात यायची बंदी झाली.

सांगायला जयराजजवळ धड असा एकच आठवडा होता. गुडघे धरलेल्या एका म्हातारीच्या बागेतलं माजलेलं तण त्या आठवड्यात दोघांनी काढलं होतं. हात मातीत गेल्यावर त्याला बरं वाटलं होतं. तोच आठवडा तो पुरवून पुरवून आबांना वाढत होता. आबांना म्हातारीचा भारी लळा लागला होता.

आणि नेमके आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सांगलीत आले. उतरणार कुठं? लेकाच्याच घरी. मागच्या खोलीत वर्कशॉपचा माल आहे, असं जयराजच्या आईनं, अंजनानं, सासऱ्यांना सांगितलं आणि चुकून कुणी आत जाऊ नये म्हणून बाहेरून कडी लावली. आबांचा डोळा लागला की ती जयराजला ताट द्यायची, न्हाणीपर्यंत नेऊन आणायची.

सोमवार उजाडला. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले आबा बाहेरच्या खोलीत अंजनाचा फोन धरून सावरून बसले. भिंतीपलीकडं जयराजनं टाय बांधला.

"कसा हायस गड्या?"

"बरा हाय, आबा."

"आवाज वाढीव की! म्हातारीचं गुडघं कसं हायत?"

आवाज वाढवला तर भिंतीतून जाणार. जयराज फोनजवळ सरकला. "उतार हाय. काल तिच्या बागेत..."

तेवढ्यात लाईट गेली. आबांच्या डोक्यावरचा पंखा फिरता फिरता थांबला. खालचं लेथ बसलं. आणि हातातल्या फोनवरचं इंग्लंड काळंकुट्ट झालं.

आबांनी फोन उघड्या डोळ्याजवळ नेला.

"तिकडं बी गेली काय रं लाईट?"

जयराजचा श्वास तेवढा ऐकू येत होता, फोनमधूनही आणि भिंतीतूनही. आबा उठले. भिंत चाचपत मागच्या दाराशी गेले. त्यांच्या हाताला कडी लागली. मशीन बंद पडलं म्हणून नानासो नेमके तेव्हाच वर आले आणि जागीच थिजले.

"आबा, पोराचा दोष न्हाई. म्याच..."

"नाना," आबा वळलेही नाहीत, "पलटणीतनं पळाल्यालं पोरगं परत आलं, तर गार्डाच्या कोठडीत टाकायच्या आदी आमी त्याला जेवाय घालायचो. तू घरात कोंडलास व्हय रं त्याला?"

"पळालो न्हाई, आबा," आतून आवाज आला. "मला जमलं न्हाई. लय केलं, पण श्वासच घेता यीना."

आबांनी कडी काढली. दारातून आत पडलेल्या उजेडात जयराज उभा होता. टाय, नावाची पट्टी आणि खाली बर्म्युडा. एका डोळ्यानं त्यांनी नातवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ती म्हातारी तरी खरी हाय का?"

"खरी हाय. तिची बाग बी खरी हाय."

"मग झालं तर. फ्लेक्स मी उतरवतो, गावाचं मी बगतो. चल भाईर, जेवाय."

त्यांनी हात पुढं केला. जयराजनं तो धरला, पाय उचलला आणि उंबऱ्यावर थबकला. सवयीनं त्यानं आधी आबांमागं येऊन उभ्या राहिलेल्या आईला विचारलं, "बाहेर कोण न्हाई न्हवं?"

अंजनानं बाहेरच्या खोलीत आबांच्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडलं.