नळवाली आजी

अकोल्यात नळाचा भरवसा नाही. आठवड्यात कधीतरी, भल्या पहाटे येतो. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीला मात्र कधी घोर नव्हता. कोपऱ्यावरच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी तोटी उघडी ठेवायची, खाली रिकामी बादली मांडायची आणि शेजारीच झोपायची. बादली वाजली की काठी घेऊन निघायची आणि एकेक फाटक ठोकायची. "उठा ना बाप्पा, नळ आले!"

तिला सगळे नळवाली आजीच म्हणत. कापसाच्या जिनिंगमध्ये राबून तिनं मुलगा शिकवला. तो अमरावतीहून न्यायला आला की म्हणायची, "मी तिकडं गेलो तं गल्लीले उठवीन कोन?"

आज मला आपोआप जाग आली, तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तोटीला धार होती, पण काठी वाजलीच नव्हती. अनवाणीच कोपऱ्याकडे पळालो. तिच्या दाराखालून पाणी वाहत रस्त्यावर आलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालणारी बाई ही!

दाराला आतून कडी होती. इतक्या वर्षांत हे दार कुणाला ठोकावंच लागलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी ते बडवायला लागलो.

"आजी, उठा ना बाप्पा! नळ आले!"