पलटण अजून समुद्रातच होती

प्रा. मालिनी आंबर्डेकर यांना मी पहिल्यांदा भेटलो ते नॉटिंगहॅमला, विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. मी नागपूरहून नुकताच आलेला, पीएच.डी.साठी त्यांच्याकडे नाव नोंदवलेला. घाबरलो होतो, म्हणून पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. १८९८ साली अमेरिकेनं स्पेनशी लढाई केली, फिलिपिन्स, प्वेर्तो रिको आणि ग्वाम पदरात पाडून घेतलं, त्याच वर्षी हवाईही गिळलं, आणि मला यावर काम करायचंय. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे सगळं तुला कुणी सांगितलं?" मी एका पुस्तकाचं नाव घेतलं. "आणि त्या लेखकाला कुणी सांगितलं?" ते काही मला माहीत नव्हतं. "मग लायब्ररीत जा, बघून ये. मी पाचपर्यंत आहे."

पावणेपाचला परत गेलो. त्याला आता बारा वर्षं झाली. मधल्या काळात मला पदवी मिळाली, इथंच एका कॉलेजात नोकरी लागली, पण बाईंच्या लेखी मी अजून लायब्ररीतून परत यायचाच आहे.

बाई पुण्याच्या. लग्नानंतर डॉक्टर नवऱ्याबरोबर इंग्लंडला आल्या आणि इथंच इतिहास शिकून इतिहास शिकवू लागल्या. साडी नेसलेली बाई म्हणजे भारतच शिकवणार, असं विभागातल्या लोकांनी गृहीत धरलं होतं. बाईंनी फिलिपिन्स निवडलं. कारण विचारलं की म्हणतात, "इंग्रजांनी राज्य केलं हे इंग्रजांना तरी ठाऊक आहे. अमेरिकेला ते आठवतच नाही. तिथं काम जास्त आहे."

त्यांच्या वर्गाला इंग्रज पोरांची गर्दी असे. अमेरिकनांना दोन शब्द सुनावलेले इथल्या लोकांना मनापासून आवडतात. बाई वर्षभर त्यांना ती मजा घेऊ देत. शेवटच्या तासाला मात्र दोन उतारे वाटत, खाली नाव नसलेले. हे लोक अजून स्वतःचा कारभार चालवायला तयार नाहीत, आम्ही त्यांच्या भल्यासाठीच आलो आहोत, असा दोन्हींचा सूर. एक फिलिपिन्सबद्दल, एक भारताबद्दल; कुठला कुणाचा ते ओळखायचं. मी हजर होतो त्या वर्षी एक मुलगी सोडून सगळ्यांनी उलटं ओळखलं. ती एकटीच बरोबर निघाली, आणि बाईंनी कारण विचारल्यावर "सॉरी, आय जस्ट गेस्ड," म्हणाली. बाई मनसोक्त हसल्या.

त्यांच्या शिस्तीबद्दल सांगायचं तर कार्डांबद्दल सांगायला हवं. आमच्या पिढीचं सगळं लॅपटॉपवर, पण बाईंच्या विद्यार्थ्याला प्रत्येक पुराव्याचं एक कार्ड करावंच लागे. पुढच्या बाजूला मजकूर लिहायचा. मागच्या बाजूला, तो मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी कुठे पाहिला ते लिहून सही करायची. पाहिला नसेल तर मागची बाजू कोरी, आणि कोऱ्या कार्डावरचा मजकूर प्रबंधात घ्यायचा नाही. या नियमापायी मी दोनदा अमेरिकेला जाऊन आलो आणि बाईंच्या नावानं मनातल्या मनात भरपूर बोटं मोडली.

बाईंच्या हातच्या पुरणपोळीबद्दल मी दोन ओळी लिहीन, अशी या गौरवग्रंथाच्या संपादकांची अपेक्षा दिसते. बाई स्वयंपाक करत नाहीत. ते खातं त्यांच्या नवऱ्याकडे, म्हणजे आमच्या काकांकडे, आणि काकांचं थालीपीठ खाल्लेल्या कुणाचीही त्याबद्दल तक्रार नाही. पण मी आल्यानंतर पहिल्याच महिन्यात, मी रोज ब्रेड खातो हे कळल्यावर, याच बाई मला लंडनमध्ये वेम्बलीला, ईलिंग रोडच्या गुजराती बाजारात घेऊन गेल्या, मोडक्यातोडक्या गुजरातीत दुकानदाराशी हुज्जत घालून मला कुकर घेऊन दिला आणि परतीच्या गाडीत वरणाला किती शिट्ट्या करायच्या ते काकांना फोन करून विचारून सांगितलं. तो कुकर अजून चालू आहे.

आता मुख्य गोष्ट. ती लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घुटमळलो.

अमेरिकेनं फिलिपिन्सच्या लोकांशी केलेल्या युद्धावरचं बाईंचं पुस्तक या विषयात मानाचं समजलं जातं. त्याचं पहिलं प्रकरण एका पत्रानं सुरू होत असे. एक अमेरिकन सैनिक घरी लिहितो की आम्ही आज एक गाव जाळलं, आणि मला काहीच वाटलं नाही. त्या काळी युद्धाला विरोध करणाऱ्या अमेरिकनांनी सैनिकांची अशी पत्रं गोळा करून पुस्तिकेत छापली होती. बाईंनी ते तिथून घेतलं होतं. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी बाईंकडून घेतलं. माझ्या प्रबंधातही ते होतंच.

प्रबंध द्यायला दोन महिने उरले असताना, केवळ कार्डाची मागची बाजू भरायची म्हणून, ते पत्र आधी ज्या गावच्या वर्तमानपत्रात आलं होतं त्याचा अंक मी शोधून काढला. तारीख पाहिली. मग त्या सैनिकाच्या पलटणीच्या नोंदी पाहिल्या. पत्र छापून आलं त्या दिवशी ती पलटण अजून समुद्रातच होती. तिनं फिलिपिन्सचा किनाराही पाहिला नव्हता. पलटणीच्या यादीत त्या नावाचा माणूसही नव्हता. पत्र कुणीतरी बसून रचलं होतं, चांगल्या हेतूनं आणि चांगल्या भाषेत.

मी अकरा दिवस गप्प बसलो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं आहे. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि मुदतवाढीसाठी बाईंचं पत्र लागणार होतं. बाईंच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला निघाली होती. ज्या बाईनं मला कुकर घेऊन दिला, तिच्या आयुष्यभराच्या कामाच्या पहिल्याच पानावर मी काट मारायची? माझ्या प्रबंधातून गुपचूप पत्र काढून टाकलं की संपलं, असं मी स्वतःला समजावत होतो.

बाराव्या दिवशी मी नॉटिंगहॅमहून लंडनला, त्यांच्या स्टॅनमोरच्या घरी गेलो. काकांनी चहा ठेवला. मी अंकाची आणि नोंदींची प्रत स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. बाईंनी दोन्ही कागद वाचले. पुन्हा वाचले. मग उठून आतून कार्डांचं जुनं खोकं आणलं, ते कार्ड काढलं आणि उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"तेव्हा नेहा लहान होती," बाई म्हणाल्या. नेहा म्हणजे त्यांची मुलगी. "तिला सोडून अमेरिकेला जाणं जमेना. म्हटलं, एवढं एक पुढच्या वेळी बघू." मग त्यांनी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले, बाई."

"अकरा दिवस माझी भीती वाटली?"

"तुमचीही वाटली आणि माझीही."

पलीकडे सोफ्यावर त्यांची नात रिया बसली होती, तेव्हा नऊ वर्षांची, इथंच जन्मलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. "आजी, म्हणजे तुझी पुस्तक खोटा आहे?" ती म्हणाली. काका तिला गप्प करायला निघाले. बाईंनी हातानं त्यांना थांबवलं. "एक पान खोटं आहे, रिया. बाकीचं खरं आहे. पण आता मला ते लोकांना सांगावं लागणार."

माझ्यासमोरच त्यांनी प्रकाशकाला फोन करून छपाई थांबवायला सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणत असावा की इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, पुढेही येणार नाही. "इट हॅज बीन नोटिस्ड. ही इज सिटिंग इन माय किचन," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग माझ्या व्हिसाचं पत्र त्यांनी त्याच बैठकीत लिहून दिलं, न मागता.

इतिहासाच्या एका नियतकालिकाच्या पुढच्याच अंकात त्यांनी चुकीची कबुली छापली. तिच्यावर माझं नाव आधी आणि त्यांचं नंतर होतं. मी विरोध केला तर म्हणाल्या, "शोध तुझा, चूक माझी. क्रम बरोबर आहे."

याची किंमत त्यांना मोजावी लागली. अमेरिकेनं तिथं काही वाईट केलंच नाही असं म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. बघा, सगळीच थाप होती, असे लेख आले. काही जुन्या सहकाऱ्यांनी बोलणं कमी केलं. कशाला उकरून काढलंत, असं एकानं तोंडावर विचारलं. त्या दिवसांत बाई खचलेल्या मी पाहिल्या आहेत. काका सांगत, सकाळी उठून त्या पुस्तकाकडे बघत बसतात. माझ्या मनात तर रोज येई की मी तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

पण गावं खरोखर जळली होती, आणि ती जळली हे सांगायला कुणाच्या रचलेल्या पत्राची गरज नव्हती. बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा कामाला लागल्या. सैनिकांनी स्वतः शपथेवर दिलेल्या साक्षी आणि गावकऱ्यांचे अर्ज, जिथं जाणं जमलं तिथं जाऊन त्यांनी स्वतः वाचले. नवी आवृत्ती गेल्या वर्षी आली. पहिलं प्रकरण आता पूर्वीइतकं वाचनीय राहिलेलं नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. त्यात चटका लावणारं वाक्य नाही. फक्त गावांची नावं आणि साक्षी आहेत, एकामागून एक, आणि वाचणाऱ्याला मध्येच पुस्तक खाली ठेवावं लागतं.

या गौरवग्रंथासाठी लेख मागितला तेव्हा मी ठरवलं होतं की तो प्रसंग वगळायचा. पंचाहत्तरीच्या समारंभात कुणी असलं काही लिहीत नाही. मागच्या आठवड्यात बाईंचा फोन आला.

"लेखात पत्राचं लिहिलंस का?"

"नाही, बाई. शोभणार नाही."

बाई म्हणाल्या, "ते वगळलंस तर मला वाटेल, तुला माझी लाज वाटते."

म्हणून लिहिलं, आणि आता या वाचकांसमोर त्यांनाच सांगतो. बाई, लाज मला माझ्या अकरा दिवसांची वाटते. तुमचा अभिमान वाटतो, इतका की तो मला आजवर तुमच्यासमोर बोलता आलेला नाही. तुम्ही आणि काका ठणठणीत राहा, खूप वर्षं राहा. माझं पहिलं पुस्तक लिहून होत आलंय. त्यातही कुठेतरी चूक असणार, आणि ती मला तुम्हीच दाखवायला हवी. तुम्ही अकरा दिवस थांबणार नाही.