मेटाडोरमधला टॉवेल

तुमच्या फिरत्या घराच्या फोटोत ओळीने लावलेल्या बरण्या पाहिल्या आणि सुरगाण्याच्या वाटेवरची, तुमच्या बाबांच्या जन्माआधीची, एक सकाळ आठवली. नाशिकहून निघून आम्हीही मेटाडोरमध्येच राहत होतो. गाडी मीच चालवायचे. एरवी पसारा करणारे तुमचे आजोबा प्रत्येक वस्तू जागेवर ठेवू लागले होते आणि मी मनातून खूश होते.

त्या सकाळी ते टॉवेलसाठी खुंटी चाचपत राहिले. टॉवेल समोर दारावर वाळत होता.

“अहो, नाकासमोर तर आहे!” मी हसले.

“जागेवरच ठेवत जा गं. डॉक्टर म्हणाले, नजर जाणार. त्याआधी डोंगर बघावेत, म्हणून निघालो.”

मी त्यांच्याजवळ बसले आणि समोरचं सांगू लागले: नागलीच्या शेतांची हिरवी उतरण, ढगात शिरलेला कडा.

“हळू सांग,” ते म्हणाले, “मला लक्षात ठेवायचंय.”