दगडाला कान लावला तेव्हा

माझा जन्म अमावस्येचा. रस्त्यातली लिंबं ओलांडत शाळेत गेलो, कधी काही झालं नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकीच मी एक होतो. आता माझ्यावर कोणी हसलं तरी चालेल...

गिरगावात राहतो, बँकेत आहे. कॉलेजची मैत्रीण नंदिनी आर्टिस्ट. मागच्या हिवाळ्यात तिने परळच्या एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये प्रदर्शन मांडलं होतं. वरळीला टॉवरचा पाया खणताना निघालेला एक काळा दगड, छातीएवढा उंच. त्याला बारीक माइक चिकटवलेले, आतला आवाज स्पीकरवर. लोकांनी कान लावून बसायचं, बस.

रविवारी दुपारी सहा वर्षांच्या माझ्या लेकीला, इराला, घेऊन गेलो.

"कोट्यवधी वर्षांचा आहे," नंदिनी म्हणाली. "घाई करू नकोस. कान लाव आणि थांब."

"काय ऐकू येणार? त्याचं पोट बिघडलंय का?"

"तू बस रे आधी!"

बसलो. कान टेकवला. गारेगार... आणि खूप खोलवर एक घरघर. बरं वाटलं. श्वास आत घेतला — आणि तो संपेचना.

समोरच्या भिंतीवर छपरातून ऊन पडलं होतं. ते डोळ्यांदेखत सरकायला लागलं. माणसं रेघांसारखी येत-जात होती. इरा माझा शर्ट ओढत होती, इतक्या झपाट्याने की तिचा हात दिसतच नव्हता, नुसता शर्ट थरथरत होता. मग ती रडायला लागली. नंदिनी मला गदागदा हलवत होती. मला सगळं कळत होतं! पण बोट उचलायचं मनात आणेपर्यंत ऊन हातभर पुढे गेलेलं असायचं.

वाटलं, इरा इथेच मोठी होईल, माझ्यासमोर... आणि मी अजून हाच श्वास घेत असेन.

तेवढ्यात ती दगडाच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि तिनेही कान टेकवला.

नको! जिवाच्या आकांताने तिला हाक मारायला तोंड उघडलं — आणि धाडकन मागे कोसळलो.

शेडमधले दिवे लागले होते. नंदिनी रडत होती. "चौघं ओढत होतो तुला! हललाच नाहीस... इतका जड कसा झालास? स्पीकर बंद केले, वायरी काढल्या, तरी..."

हॉस्पिटलमध्ये सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस. नंदिनीने त्याआधी कितीदा तरी त्याच दगडाला कान लावला होता, तिला कधीच काही झालं नव्हतं. मग मलाच का? अजून कळलेलं नाही. कोणाला काही सुचलं तर सांगा.

घरी जाताना टॅक्सीत इरा मांडीवर बसली होती. भीत भीत विचारलं, "तुला काही ऐकू आलं का गं?"

"तू मला हाक मारत होतास ना, बाबा," ती म्हणाली. "पण तुझं नुसतं 'इ'च चाललं होतं."