कुरणवाडीच्या चढावरचा टँकर

शिवशरण ड्रायव्हर मूळचा अक्कलकोटकडचा. घरी कन्नड बोलायचा, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं कमीच. बावीस वर्षं तो एकच ट्रक चालवत आला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेला, पेट्रोलवर चालणारा, लांब नाकाडाचा ट्रक. सोलापुरात एव्हाना जो तो डिझेलच्या गाड्या घेत होता, पण मालकाला हा मोडीत घालवेना. दुष्काळ पडला तेव्हा त्यानं ट्रकवर लोखंडी टाकी चढवली आणि गाडी पाण्याच्या कामाला लावली. शिवशरणच्या वाट्याला कुरणवाडी आली. बार्शी रस्त्यानं जायचं, मग कच्च्या वाटेनं आत वळायचं आणि गावच्या कोरड्या विहिरीत टाकी रिकामी करायची. दिवसाला दोन खेपा. क्लीनर नव्हता, सगळं एकट्यानंच.

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात गाडी कुरकुरायला लागली. सपाटीला नीट पळायची, पण चढ आला की उचक्या द्यायची. शिवशरणला वाटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल. त्यानं इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाखालची काचेची वाटी काढून धुतली, कार्बोरेटरचं भोक तोंडानं फुंकून साफ केलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यानं ओलं पोतं पंपावर टाकून बघितलं, आणि गाडी चालली! उन्हानं पेट्रोलची वाफ होते, म्हणून गाडी अडते, अशी त्याची खात्री पटली. बिचारा आठवडाभर पोतं भिजवत राहिला. त्या आठवड्यात एकदा जरी इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली असती तर, असं पुढं त्याला कितीदा तरी वाटलं.

एका मंगळवारी सकाळी, गाव मैलभर राहिलं असताना, शेवटच्या चढावर गाडी मेली. पोतं टाकलं, अर्धा तास थांबला, हँडल मारमारून खांदे भरून आले. गाडी हूं की चूं करीना. खाली बघतो तर गावाकडून बाया येत होत्या. डोक्यावर घागरी, हातात कळश्या. चढावर उभा असलेला टँकर त्यांना गावातनं दिसला होता.

सगळ्यांत पुढं चांगुणा होती. कामाला वाघ बाई. तिचा नवरा हरिदास दुष्काळी कामावर खडी फोडायला लांब गेला होता, आणि घरी ती आणि तिची सासू बजाबाई, अशा दोघीच.

"काय झालं ओ दादा?" तिनं विचारलं.

"बघतोय. ताई, जरा हितं उभ्या राहता का? ही नळी बघा. मी हँडल मारतो. पिचकारी उडती का, तेवढं सांगा."

त्यानं कार्बोरेटरची नळी सोडवली आणि पुढं जाऊन हँडल फिरवलं.

"उडती का?"

"न्हाय की! नुसतं टिपकतंय."

शिवशरणनं पेट्रोलच्या टाकीकडून येणारी नळी पंपापासून काढून तोंडानं ओढली. पेट्रोल घसा जाळत भस्सकन आलं. तो थुंकला. म्हणजे टाकीतून पेट्रोल येत होतं, नळी मोकळी होती. अडत होतं ते पंपातच. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ऑइलची पट्टी ओढली. ऑइल खुणेच्या चांगलं दोन बोटं वर चढलं होतं आणि त्याला पेट्रोलचा भपकारा येत होता. पंपातला रबरी पडदा फाटून पेट्रोल खाली इंजिनात झिरपत होतं. दिवसेंदिवस झिरपत होतं, आणि हा वरनं पोतं भिजवत बसला होता.

रोग कळला. पण त्या माळावर नुसतं कळून काय होणार? डबा टांगून थेट पेट्रोल सोडावं, तर ऑइलचं पाणी झालेलं. तशी गाडी पळवली तर इंजिन जाम होऊन कायमचं बसणार.

"गाडी न्हाय हलत आता," तो म्हणाला. "पंप गेला."

बाया टाकीच्या तोटीकडं बघायला लागल्या. पाणी विहिरीत सोडायचं आणि ग्रामसेवकाची सही घ्यायची, असा हुकूम होता. शिवशरणनं तो बोलून दाखवला.

"हुकूम तुमच्या गाडीला सांगा की," चांगुणा म्हणाली. "सोडा तोटी. मी लावते रांग. एकीला एक घागर, आन् कोण पुढं घुसली तर माझ्याशी गाठ हाय."

तिनं खरंच रांग लावली. थेंब सांडू दिला नाही. सगळ्यांना देऊन अर्धी टाकी उरली, ती उद्यासाठी ठेवायची ठरली. शिवशरण बार्शी रस्त्याकडं पायी निघाला तेव्हा तिनं मागनं हाक मारली.

"दादा, कधी येताय?"

"उद्या दुपारपर्यंत येतो की."

तो अगदी मनापासून म्हणाला होता.

सोलापूरच्या वेशीवर, बाळे गावच्या नाक्याजवळ दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज होतं. जुन्या पेट्रोल गाड्यांचा हात बसलेला तेवढा एकच माणूस उरला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"पडदा फट्या है. पन इसका पडदा मिलेगा किधर? दुकानदार गाडी का नाम सुनके हसेंगे."

तसंच झालं. त्या दिवशी शिवशरण पाच दुकानं फिरला. पाचही ठिकाणी मान हलली. एक शेठ म्हणाला, पुण्याहून मागवतो, पण नक्की सांगत नाही.

"चाचा, पंप बंद करतो," शिवशरण म्हणाला. "ऑइल बदलतो, टपावर डबा बांधून थेट पेट्रोल सोडतो. मैलभर तर जायचंय."

दस्तगीरनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आवळून चकाकत होती. "ये डब्बे का काम. नक्को. गाडी जलेगी, तू बी जलेगा."

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला एका हॉटेलामागं तसलाच एक ट्रक पडून असल्याचं कळलं. एसटीनं गेला. पंप मिळाला. जीव हरखून गेला. संध्याकाळी दस्तगीरनं तो उघडला, तर आतला पडदा पापडासारखा वाळलेला. बोट लावलं तशी त्याची पूड झाली.

तिसऱ्या दिवशी दस्तगीरनं जाड रबरी कापडातून पडदा कापून टेंभुर्णीच्या पंपात बसवला. दोघांनी पंप जोडला, पेट्रोलच्या डब्यात नळी बुडवून हातानं दाबून बघितला. आधी झकास पिचकारी उडाली. तासाभरात कापड पेट्रोल पिऊन फुगलं आणि पंपानं ओढायचं सोडलं. शिवशरण तिथंच उकिडवा बसला. मग उठून मामलेदार कचेरीत गेला.

"साहेब, कुरणवाडीला दुसरी गाडी तरी पाठवा. टाकीतलं पाणी कालच संपलं असंल."

"सगळ्या गाड्या लागल्यात," कारकून म्हणाला. तोही थकलेलाच होता, समोर पाच गावची माणसं उभी. "अर्ज ठेवा. आणि तुमची गाडी लवकर चालू करा ना."

शिवशरणनं अर्ज ठेवला. आणखी काय करणार?

चौथ्या दिवशी सकाळी पुण्याच्या एसटीनं त्या शेठकडं पार्सल आलं. तळहातावर मावेल एवढा पडदा, कागदात गुंडाळलेला. दस्तगीर स्वतः बरोबर आला. चढावर दोघांनी फाटक्या पडद्याचा पंप उतरवला, त्यात नवा पडदा घातला, जुनं पॅकिंग खरवडलं, पातळ झालेलं सगळं ऑइल काढून नवं भरलं. पंप बसवताना त्याची दांडी आत नेमक्या जागी टेकावी लागते. दस्तगीर डोळे मिटून बोटांनीच चाचपत राहिला, मग मान डोलावून बोल्ट आवळले. हातानं पंप दाबताच काचेच्या वाटीत पेट्रोल चढलं. तिसऱ्या हँडलला गाडी सुरू झाली. तोटी कोरडी होती. एकही बाई चढावर आली नाही.

दस्तगीरला नाक्यावर सोडून, टाकी भरून, शिवशरण दुपारी गावात शिरला. विहिरीवर माणसं होती, पण गलका नव्हता. कुणीतरी सांगितलं. काल पहाटे चांगुणा पाणी खरवडायला विहिरीत उतरली होती, वाटीनं घागर भरत होती. वर चढताना दोर सुटला. मांडीचं हाड मोडलं. बैलगाडीत घालून तिला सोलापूरला नेलं.

"तू काय करणार बाबा," एक म्हातारा म्हणाला. "पंपच गेला, त्याला कोण काय करील?"

कुणीच त्याला बोल लावला नाही. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो दवाखान्यात गेला. चांगुणाचा पाय वजन बांधून टांगलेला होता. हरिदास उशाशी बसून होता, खडीच्या धुळीनं अजून पांढरा.

"ताई, मी उद्या येतो म्हणालो होतो..."

"पंप काय तुमी फोडला व्हय?" ती म्हणाली. मग वेदनेनं थांबली. "आमच्या म्हातारीला कोण पाणी देतंय, तेवढं बघा दादा. तिला न्हाय झेपत."

हे एक काम तरी आपल्या हातातलं आहे, असं शिवशरणला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तो आधी बजाबाईच्या दाराशी गाडी उभी करायचा, तोटीवरून दोन घागरी भरून आत ठेवायचा आणि मग विहिरीकडं जायचा. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी माणसं आडवी आली.

"एकाच घराला येगळं पाणी कशापायी? माझी सून बाळंतीण हाय. तिला न्हाय लागत व्हय पाणी?"

"माझा बाप आंधळा हाय. त्याच्याबी दारात थांबव की मग."

त्यांचंही खोटं नव्हतं. दारोदार थांबायला टाकी पुरली नसती. त्यानं गाडी सरळ विहिरीवर नेली आणि तोटीचं पाणी आत सोडलं. बजाबाई रोज कळशी घेऊन रांगेत शेवटी उभी असायची. कधी कुणी तिला पुढं घ्यायचं, कधी नाही. तो बाजूला उभा राहून बघायचा. पुढं न घेतलेल्या दिवशी तिचा नंबर यायच्या आत टाकी रिकामी झालेली असायची, आणि विहिरीत पडलेलं पाणी गढूळ होऊन तळाशी गेलेलं.

नवा पडदा चांगला निघाला. एकाही चढावर गाडी अडली नाही. मृग बरसला तशी टँकरची कामं बंद झाली, मालकानं टाकी उतरवून ट्रकला विटा वाहायला लावलं. चांगुणाचं हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड झाला, असं बाळ्याच्या नाक्यावर कुणाकडून तरी त्याच्या कानावर आलं. ती घरी गेली, लंगडत का होईना कामाला लागली. शिवशरण पुढं सहा वर्षं तो ट्रक चालवत होता. बार्शी रस्त्यानं कितीदा तरी गेला. पण कुरणवाडीच्या वाटेला वळायचं भाडं त्याला कधी लागलं नाही, आणि भाड्यावाचून वळायचा धीर झाला नाही.