नववं पान

घरात तिला शंकाबाई म्हणत. कुलूप लावून चार पायऱ्या उतरली की ती परत वर जायची, कुलूप ओढून बघायची, आणि धाकटी बहीण खालून ओरडायची, "अगं, आता ओढून ओढून तूच तोडशील ते!" गेल्या वर्षी डिझाइनच्या अंतिम परीक्षेला निघाली, कुलूप बघायला वर गेली, ती खाली आलीच नाही. आतून कडी घालून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. वर्ष वाया गेलं. आज दोन वाजता दुसरी आणि शेवटची संधी होती.

काम एकच, रूपं दोन. पाय मोडलेल्या माणसांनी घरी करायच्या व्यायामांची सोळा पानी पुस्तिका, आणि तोच मजकूर वेबसाइटवर. वेबसाइट तिने सात फोनांवर तपासली होती. बटणं सहज दाबता येतात का बघायला आत्याच्या हातात मोजा घालून फोन दिला, तर आत्या म्हणाली, "पाय मोडलाय ना गं त्यांचा? हाताला काय झालंय?"

पावणेएकला छापखान्यात गठ्ठा मिळाला. तिने एक प्रत काढली, मधोमध उघडली. नववं पान. लाल चौकटीत पांढरी अक्षरं: 'शस्‌त्‌रक्‌रिया झालेल्‌या पायावर...'

सगळी जोडाक्षरं सुटली होती. ही सूचना मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी काल ऐनवेळी वाढवली होती. तिने घाईत नवी चौकट घेतली, आणि मराठी अक्षरं जोडणारी सेटिंग त्या एका चौकटीला लावायची राहून गेली. छपाईला देण्याआधी ते पान तिने कितीदा तरी पाहिलं होतं. लाल रंग पाहिला, समास पाहिला, ओळींमधलं अंतर पाहिलं. वाचलं मात्र नव्हतं.

छापखान्यातले काका चष्मा कपाळावर सरकवून वाकले. "अरे वा! पेशंटचे पाय मोडलेले, अक्षरांचेही पाय मोडलेले. जोडी जमली."

"काका, हसू नका हो. परत छापता येईल?"

"मशीन पाचपर्यंत अडकलंय." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे बघ पोरी, हा मधलाच कागद आहे. पिना उचकटल्या की अलगद निघतो. चार पानं कमी. परीक्षक कागद चाचपतात, वाचतंय कोण?"

पिना उचकटायचा चिमटा त्यांच्या हातात होताच. तिने मान डोलावलीसुद्धा. मग त्या चौकटीतली शेवटची ओळ तिच्या नजरेस पडली. जोडाक्षर नसलेली तेवढी एक ओळ धड छापली गेली होती: 'पायावर भार देऊ नका.' डॉक्टर म्हणाले होते, एकजण सहाव्या दिवशीच उभा राहिला, पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावा लागला.

"राहू दे, काका."

"अगं, नापास होशील."

"होईन."

बोलून गेली खरी, पण कॉलेजच्या जिन्यात ती चार पायऱ्या मागे उतरलीही. तेवढ्यात वरून शिपायाने तिचा नंबर पुकारला.

बाहेरून आलेल्या परीक्षक पन्नाशीच्या होत्या. तिने नमस्कारही केला नाही, थेट नववं पान त्यांच्यासमोर धरलं. "मॅडम, आधी चूक दाखवते."

त्यांनी पुस्तिका हातात घेतली. "वेबवर?"

"तिथे बरोबर आहे."

"मग इथे कशी?"

तिने सेटिंगचं सांगितलं. मग, न विचारताच, "पान पाहिलं होतं मॅडम, वाचलं नव्हतं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं. ते पास होतं की नापास, तिला उलटं वाचता येईना.

"मी जाऊ?"

"कुठे? अजून पंधरा पानं आहेत. बसा."

त्यांनी पहिल्या पानावर पेन टेकवलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपासून तीही त्यांच्याबरोबर वाचू लागली.