सात मिनिटांचं कार्टून, पाऊण तास

"आधी माणूस ओळख, मग हस," असं बाबा मला लहानपणी सांगायचे. ते बोटीवर इंजिनिअर होते. सुट्टीवर येताना जुन्या अमेरिकी कार्टूनच्या कॅसेट आणायचे. त्यांत त्या काळचे सिनेनट काढलेले असत, कुणाचे कान सुपाएवढे, कुणाची पावलं होडीएवढी.

आज सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांनी त्यातलंच एक माझ्या लेकीला, बारा वर्षांच्या ईराला, दाखवायला घेतलं. सात मिनिटांचं कार्टून पाऊण तास चाललं! प्रत्येक चेहऱ्याला बाबा थांबवणार आणि विचारणार, "हा कोण, सांग?"

"सम अंकल लाह, आजोबा." ईराचं इथलं इंग्रजी, "लाह" लावल्याशिवाय वाक्य संपत नाही.

"अगं, केवढा मोठा हीरो होता तो!"

"मग कान असे का? आणि एक्सप्लेन करावं लागलं तर जोक कसला?"

शेवटी मी दोघांवरही ओरडले. बाबांनी टीव्ही बंद केला. "बोटीवर अख्खी मेस हसायची," एवढंच म्हणाले.

आता चिडचिड माझ्यावरच होतेय. कारण खरं सांगू? मलाही त्यातला एकही नट कधी ओळखता आला नाही. मी बाबांच्या तोंडाकडे बघून हसायचे.

तुमच्याकडे असं होतं का हो?

ईरा, मराठी वाचायचा तुला कंटाळा, तरी लिहिते. आजोबा शनिवारी पुण्याला परत जातील. त्याआधी एकदा तूच कार्टून थांबवून त्यांना विचारशील, "हा कोण?"

"नो लाह" म्हणशील, माहीत आहे. तरी विचार ना.